ड्रॉवरमधले पिस्तूल आणि २६ लाख डॉलर

अटलांटातली एक खोली. एका भिंतीला आरसा, आणि आरशामागे बसलेली माणसे. खोलीत दोन-तीन मुलगे, वय ८ ते १२. त्यांना १५ मिनिटे तिथे खेळायला सोडलेले. खोलीतल्या दोन ड्रॉवरमध्ये पाण्याची पिस्तुले आहेत आणि तिसऱ्यात एक खरे, .३८० कॅलिबरचे. त्यात गोळी नाही, पण आत एक छोटा ट्रान्समीटर बसवला आहे. गोळी सुटेल इतक्या जोराने कोणी चाप ओढला, की आरशापलीकडे नोंद होते.

असे २९ गट आणि एकूण ६४ मुलगे. २१ गटांना खरे पिस्तूल सापडले. त्यांतल्या १६ गटांनी ते हातात घेतले. १० गटांत कोणी ना कोणी चाप ओढला. पिस्तूल सापडलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना ते खेळण्यातले वाटले होते, किंवा खरे की खोटे हे नीट कळले नव्हते. ज्यांनी ते हाताळले किंवा चाप ओढला, त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक मुलांनी नंतर सांगितले, की बंदुकीपासून कसे जपायचे हे आम्हाला आधी शिकवलेले आहे. आईवडिलांना आधी विचारून ठेवले होते, तुमच्या मुलाला बंदुकीचे कितपत आकर्षण आहे? त्यांच्या उत्तरांचा आणि मुलांच्या प्रत्यक्ष वागण्याचा मेळ बसला नाही.

हा अभ्यास २००१ साली ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आला. लिहिणारे जेफ्री जॅकमन, मिर्ना फराह, आर्थर केलरमन आणि हॅरॉल्ड सायमन हे डॉक्टर होते, पण प्रश्न अस्सल मानसशास्त्राचा आहे. मुलाला एखादी गोष्ट ठाऊक असणे आणि वेळ आल्यावर त्याने तसे वागणे, यांच्यात अंतर किती? ते कशाने कमी होते? आणि ते मोजायचे तर पैसे कोण देणार?

शेवटच्या प्रश्नासाठी हे प्रकरण. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९९६ पासून पुढे दोन दशकांहून जास्त काळ बंदुकीच्या इजांवरच्या संशोधनाला जवळपास पाठ फिरवली. याच काळात तिथल्या १ ते १९ वयोगटातल्या मुलांच्या मृत्यूंच्या कारणांत बंदूक दुसऱ्या क्रमांकावर होती आणि २०२० मध्ये पहिल्या क्रमांकावर आली. या गोष्टीकडे बहुतेक जण राजकारण म्हणून पाहतात. मी ती अनुदानाची गोष्ट म्हणून पाहतो आहे, कारण पैसा आटला की संशोधन फक्त कमी होत नाही, त्याची जातच बदलते.

विचारणे स्वस्त, पाहणे महाग

मुलांच्या सुरक्षिततेचा कोणताही कार्यक्रम तपासायचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे वर्गात जाऊन कार्यक्रम करायचा आणि शेवटी मुलांना विचारायचे, “बंदूक दिसली तर काय कराल?” मुले एका सुरात सांगतात, “हात लावणार नाही, तिथून निघून जाऊ, मोठ्या माणसाला सांगू.” कागदावर गुण भरतात, अहवाल होतो, फोटो छापून येतात. खर्च फारसा नाही.

दुसरा मार्ग म्हणजे मुलाला नकळत त्या प्रसंगात आणायचे आणि पाहायचे. यासाठी निकामी केलेले शस्त्र लागते, एकतर्फी आरसा किंवा लपवलेला कॅमेरा लागतो. पालकांची संमती घ्यावी लागते आणि नैतिकता समितीपुढे महिनोन्महिने खेटे घालावे लागतात. पाहिलेल्या वागण्याची नोंद करणारी दोन स्वतंत्र माणसे लागतात. काही आठवड्यांनी तीच मुले परत आणून पुन्हा पाहावे लागते. एकेका मुलामागे कित्येक तास जातात.

दोन्ही मार्गांची उत्तरे सारखी आली असती तर महागाच्या वाटेला जायची गरजच नव्हती. ती सारखी येत नाहीत, आणि सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या बलाढ्य संघटनेने १९८८ मध्ये लहान मुलांसाठी एडी ईगल नावाचा कार्यक्रम सुरू केला. एक गरुड मुलांना सांगतो, थांबा, हात लावू नका, तिथून निघा, मोठ्यांना सांगा. सल्ल्यात खोट काढण्यासारखे काही नाही. हा कार्यक्रम कोट्यवधी मुलांपर्यंत पोहोचल्याचे संघटना सांगते. रेमंड मिल्टनबर्गर या वर्तन-मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयातल्या मुलांवर तो तपासून पाहिला. निष्कर्ष २००४ मध्ये छापून आले. मुले चारही पायऱ्या घडाघडा म्हणत. मग खोलीत पिस्तूल ठेवून पाहिले, तेव्हा त्या म्हणण्याचा वागण्यात मागमूस नव्हता. आपल्याकडे याला पोपटपंची म्हणतात.

मिल्टनबर्गर यांचा गट तिथे थांबला नाही. नियम तेच ठेवले, शिकवायची रीत बदलली. आधी सांगायचे, मग करून दाखवायचे, मग मुलाकडून करून घ्यायचे आणि चुकले तर लगेच दुरुस्त करायचे. तरीही काही मुले प्रत्यक्ष प्रसंगात चुकत. म्हणून पुढची पायरी आली. मूल एकटे असताना त्याला नकळत पिस्तूल ठेवायचे, ते चुकले की त्याच क्षणी शिकवणाऱ्याने आत यायचे आणि त्याच जागी तालीम घ्यायची. जिथे प्रसंग घडला तिथेच केलेली ही रंगीत तालीम बऱ्याच मुलांवर लागू पडली. पण ती एकेका मुलाची घ्यावी लागते. तीस मुलांच्या वर्गासमोर एकदाच पडदा लावून ती होत नाही.

हे अगदी नवे होते असेही नाही. मिसूरी विद्यापीठातल्या लिझेट पीटरसन यांनी शाळा सुटल्यावर कुलूप उघडून एकट्याने घरी बसणाऱ्या मुलांवर १९८०च्या दशकात काम केले. आईवडील दोघे नोकरीला आणि किल्ली मुलाच्या गळ्यात, अशी ही मुले. अनोळखी माणसाने दार ठोठावले, बोट कापले, आग लागली तर काय करायचे, हे मूल नुसत्या चर्चेने शिकते की करून पाहिल्याने? १९८४ मध्ये त्यांनी दोन पद्धतींची तुलना केली आणि करून पाहण्याची बाजू सरस ठरली. पुढे त्यांनी मुलांच्या बारीकसारीक खरचटण्या-भाजण्याचाही अभ्यास केला. मोठा अपघात विरळा असतो, त्यामुळे त्याची वाट पाहत बसता येत नाही. रोजच्या लहान इजांमधून मूल काय शिकते आणि आई काय शिकते, हे मात्र दिसू शकते.

पीटरसन २००२ मध्ये गेल्या. त्यांच्या नावाने अमेरिकन सायकॉलॉजिकल फाउंडेशन आणि बाल-आरोग्य मानसशास्त्रज्ञांची संघटना मिळून मुला-किशोरांच्या इजा टाळण्यावरच्या संशोधनाला अनुदान देऊ लागल्या. रक्कम ५,००० डॉलरपर्यंत. नवख्या संशोधकाला यात एखादा विद्यार्थी-सहायक काही महिने ठेवता येईल, कुटुंबांना येण्याजाण्याचे पैसे देता येतील, थोडी उपकरणे घेता येतील. तेवढ्यावर पहिला लहान प्रयोग होऊ शकतो आणि त्याच्या जोरावर पुढे मोठ्या अनुदानासाठी अर्ज करता येतो. अशा स्मृती-अनुदानांची थट्टा करू नये. ती विरजण असतात. पण विरजण लावायला आधी दूध हवे, आणि बंदुकीच्या बाबतीत दुधाचे पातेलेच चुलीवरून उतरवले गेले होते.

एक ओळ

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, १९९२ मध्ये इजा-प्रतिबंधासाठी स्वतंत्र केंद्र काढले. गाडीचा अपघात, बुडणे, भाजणे, पडणे, विषबाधा आणि बंदूक ही सगळी कारणे साथीच्या रोगासारखी तपासायची, हा विचार त्यामागे होता. दोष कोणाचा हे बाजूला ठेवून कुठे, कधी, कोणाला आणि कशाने, हे आधी मोजायचे. केंद्राचे प्रमुख मार्क रोझेनबर्ग डॉक्टर होते. मुख्यालय अटलांटात. वरचा ड्रॉवरचा प्रयोग झाला तेही हेच शहर.

१९९३ मध्ये आर्थर केलरमन यांचा, सीडीसीच्या पैशावर झालेला, एक अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. ज्या घरात बंदूक असते तिथे घरातल्या घरात खून होण्याची जोखीम २.७ पट, असा निष्कर्ष होता. रायफल असोसिएशनचे पित्त खवळले. सीडीसी विज्ञानाच्या बुरख्याआड बंदूकबंदीचा प्रचार करते, असा ओरडा सुरू झाला आणि इजा-प्रतिबंध केंद्रच बंद करावे अशी मागणी झाली. केंद्र कसेबसे वाचले. मात्र आर्कान्सॉचे रिपब्लिकन खासदार जे डिकी यांच्या नावाने ओळखली जाणारी एक ओळ १९९६च्या विनियोजन कायद्यात, म्हणजे सरकारी खर्चाला मंजुरी देणाऱ्या वार्षिक कायद्यात, घुसली. मतितार्थ असा, की सीडीसीच्या इजा-प्रतिबंधाच्या पैशातला कोणताही भाग बंदूक-नियंत्रणाचा पुरस्कार किंवा प्रचार करण्यासाठी वापरता येणार नाही.

नीट वाचा. ‘संशोधन करू नका’ असे त्यात कुठेही नाही.

खरा घाव दुसऱ्या आकड्यात होता. सीडीसीने आदल्या वर्षी बंदुकीच्या संशोधनावर २६ लाख डॉलर खर्च केले होते. तेवढीच रक्कम, ना एक डॉलर कमी ना जास्त, मेंदूच्या इजांच्या कामासाठी राखून ठेवली गेली. एकूण पैसा तोच राहिला आणि कप्पा बदलला. बजेटच्या भाषेत याला वळती करणे म्हणतात. गावाच्या भाषेत हा दम आहे. २६ लाख डॉलर म्हणजे वॉशिंग्टनच्या हिशेबात चिल्लर. हे पैसे वाचवण्यासाठी कोणी काढून घेतले नव्हते. पुन्हा या वाटेला जाल तर अख्खे केंद्र जाईल, एवढे कळावे म्हणून काढले होते, आणि ते ज्याला कळायचे त्याला कळले.

पुढे झाले ते कायद्याने केले नाही, धाकाने केले. ‘संशोधन’ कुठे संपते आणि ‘प्रचार’ कुठे सुरू होतो, याची रेघ कोणी आखून दिली नव्हती. घरात बंदूक कुलपात ठेवल्याने मुलांच्या इजा कमी होतात, असा निष्कर्ष निघाला तर तो प्रचार धरायचा का? त्या प्रश्नाच्या जवळ जायलाही अधिकारी धजावेनात. सीडीसी आपल्या पैशावर काम करणाऱ्या संशोधकांना बंदुकीविषयी काही छापण्याआधी कळवायला सांगते आणि ती खबर शिष्टाचार म्हणून रायफल असोसिएशनकडे पोहोचवते, हे २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापले. परीक्षेचा पेपर ज्याच्यावर काढलेला, त्यालाच तो आधी दाखवण्यातला हा प्रकार. २०१२च्या कायद्याने तीच ओळ राष्ट्रीय आरोग्य संस्थेला, एनआयएचलाही लागू केली.

संशोधकांनी मग ज्याला जमेल तशी वाट काढली. कॅलिफोर्नियातले डॉक्टर गॅरन विंटेम्यूट यांनी स्वतःच्या खिशातले १० लाखांहून जास्त डॉलर घातले. काहींनी विषयाला दुसऱ्या दाराने आत आणले. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात मॉरीन वॉल्टन या मानसशास्त्रज्ञ आणि रेबेका कनिंगहॅम या अपघात-विभागाच्या डॉक्टर यांनी १४ ते १८ वर्षांच्या ७२६ मुलामुलींवर एक चाचणी केली. कशासाठी का होईना, इमर्जन्सीत आलेले मूल तिथे तासन्‌तास खोळंबलेले असते. त्या वेळात अर्ध्या तासाची एक समुपदेशन-बैठक घ्यायची. भांडण अंगावर आले तर काय करशील, तुला पुढे काय व्हायचे आहे, मग आज इथे का आलास, असे बोलणे आणि थोडी तालीम. २०१० मध्ये निकाल आला, की समुपदेशकाकडून बैठक मिळालेल्या मुलांत तीन महिन्यांनी मारामाऱ्यांचे प्रमाण घटले होते. या कामाला पैसा दिला दारूविषयक संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेने. दारू आणि हिंसा असा जोडविषय होता, आणि तो खराही होता. पण एखाद्या देशात किशोरांच्या हिंसेचे काम दारूच्या खात्यातून करावे लागते, यातच सगळे आले.

बाकीचे काय? ते गेले. पीएचडीचा विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्याला गाइड सांगतो, यात अनुदान मिळणार नाही, दुसरे काही बघ. हे वाक्य कुठल्याच आकडेवारीत येत नाही. ३० वर्षांच्या माणसाने न निवडलेला विषय पुढची ३० वर्षे रिकामा राहतो. डेव्हिड स्टार्क आणि निगम शहा यांनी २००४ ते २०१५ या काळातला हिशेब मांडला. मृत्यूंच्या प्रमाणात बंदुकीच्या हिंसेवरच्या संशोधनाला जेवढा पैसा मिळायला हवा होता, त्याच्या १.६ टक्के मिळाला. अपेक्षित १४० कोटी डॉलर, प्रत्यक्षात सव्वादोन कोटींच्या आत.

त्याच वर्षी, दुसऱ्या रस्त्यावर

१९९६ हे साल आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी जुलैत फ्लोरिडाने किशोरांना वाहन परवाना टप्प्याटप्प्याने द्यायची पद्धत सुरू केली. आधी मोठ्यांच्या देखरेखीखाली, मग रात्रीच्या वेळेची बंधने पाळून, आणि शेवटी पूर्ण परवाना. न्यूझीलंडमध्ये हे १९८७ पासून होते. पुढच्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांनी ते या ना त्या रूपात घेतले, आणि बऱ्याच राज्यांनी सोबत मित्रांना बसवण्यावरही बंधन घातले.

मित्रांना का? इथे मानसशास्त्राने पैसा वसूल करून दिला. नवख्या चालकाला गाडी येत नाही म्हणून अपघात होतो, ही समजूत अर्धीच खरी होती. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये संगणकावरचा गाडी चालवण्याचा एक साधा खेळ वापरला. सिग्नल पिवळा झाला, लाल कधी होईल सांगता येत नाही. थांबायचे की दामटायचे? एकटे असताना किशोर प्रौढांपेक्षा फारसे वेगळे वागत नव्हते. मित्र बघत उभे राहिले की किशोरांचा धोका पत्करण्याचा कल एकदम वर जाई. प्रौढांचा जवळपास हलत नसे. मुलाला धोका कळत होता. पण त्या क्षणी मित्रांच्या नजरेचे वजन त्याहून जास्त होते.

जॅकमन यांच्या खोलीतही मुले एकटी नव्हती, दोघे-तिघे होती. ड्रॉवर उघडला तेव्हा कोण कोणाकडे बघत होते? एकटा मुलगा वेगळा वागला असता का? हा गाड्यांच्या संशोधनातून थेट उचलण्यासारखा धागा होता. तो ओढून पाहायला माणसे आणि पैसा हवा होता.

गाड्या कोणी बंद केल्या नाहीत. पट्टे आले, लहान मुलांच्या खुर्च्या आल्या, रस्त्यांचे दुभाजक आले, परवान्याचे टप्पे आले. १ ते १९ वयातल्या मुलांचे गाडीच्या अपघातातले मृत्यू वर्षानुवर्षे उतरत गेले. कनिंगहॅम यांच्याच गटाने २००८ ते २०१७ चा ताळेबंद काढला. मुलांच्या वाहन-अपघातांवरच्या संशोधनाला केंद्र सरकारकडून वर्षाला सरासरी ८.८ कोटी डॉलर मिळाले, कर्करोगाला ३३.५ कोटी. बंदुकीच्या इजांना अख्ख्या दशकात ३२ अनुदाने. मृत्यूमागे भागाकार केला तर ५९७ डॉलर. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा हजार किंवा लाख गळले असतील असे वाटले होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. संशोधन थांबले म्हणून मुले मेली, असा सरळ धागा जोडता येत नाही आणि जोडूही नये. २०१६ मध्ये या वयोगटात २०,३६० मृत्यू झाले. ४,०७४ वाहन-अपघातांत, ३,१४३ बंदुकीने. बंदुकीच्या मृत्यूंत ५९ टक्के खून, ३५ टक्के आत्महत्या आणि सुमारे ४ टक्के चुकून सुटलेल्या गोळीने. ड्रॉवरचा प्रयोग या शेवटच्या ४ टक्क्यांशी सर्वात जवळचा आहे. खुनामागे गरिबी, वस्ती, टोळ्या, पोलीस अशी हजार कारणे आहेत. आत्महत्येत कुलपाचा प्रश्न निर्णायक ठरू शकतो, कारण किशोराचा तो क्षण बहुधा टळणारा असतो आणि हाताशी बंदूक असेल तर टळायला वेळच उरत नाही. एकच औषध तिन्हींना चालणार नाही. म्हणून तर कुठे काय लागू पडते हे मोजायला हवे होते.

पैसा परत आला तेव्हा

डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधल्या सँडी हूक प्राथमिक शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली. महिन्याभरात ओबामांनी सीडीसीला संशोधन सुरू करायचा आदेश दिला आणि १ कोटी डॉलर मागितले. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दिले नाहीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १७ जण गेले. त्यानंतरच्या खर्च-विधेयकासोबत एक खुलासा जोडला गेला, की सीडीसीला बंदुकीच्या हिंसेच्या कारणांवर संशोधन करता येते. म्हणजे जे आधीही करता येत होते, ते करता येते एवढे सांगायला २२ वर्षे लागली. प्रत्यक्ष पैसा डिसेंबर २०१९ मध्ये आला. २.५ कोटी डॉलर, निम्मे सीडीसीला, निम्मे एनआयएचला.

त्याआधी २०१७ मध्ये एक बारीक दार उघडले होते. बालआरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकारातल्या एका गटाला ४९ लाख डॉलर दिले. कनिंगहॅम, मानसशास्त्रज्ञ मार्क झिमरमन आणि पॅट्रिक कार्टर हे त्यात आघाडीवर. या गटाने पहिल्यांदा काय करावे? नवा प्रयोग नव्हे. आजवर काय कळले आहे याची यादी, कुठले प्रश्न आधी घ्यायचे याचा क्रम, विखुरलेली आकडेवारी एका जागी आणणे आणि नवे संशोधक तयार करणे. बंद पडलेल्या घराचे कुलूप उघडले की पहिले काही दिवस जळमटे काढण्यातच जातात.

२०२० मध्ये क्रम उलटला. १ ते १९ वयोगटात बंदुकीने ४,३५७ जीव गेले आणि तिने वाहन-अपघातांना मागे टाकले.

मोजायचे किती बाकी होते, त्याचे एक उदाहरण पालकांचे घ्या. फ्रान्सिस बॅक्सली आणि मॅथ्यू मिलर यांनी २००६ मध्ये अलाबामाच्या ग्रामीण भागातल्या कुटुंबांत आईबाप आणि मुले यांना वेगवेगळे विचारले. आमच्या मुलाला बंदूक कुठे ठेवली ते माहीत नाही, असे म्हणणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांना त्यांच्या मुलांनीच खोटे ठरवले. मुलाने बंदुकीला कधी हात लावलेला नाही, असे सांगणाऱ्या २२ टक्के पालकांचेही तेच. फराळाचा डबा माळ्यावर लपवणाऱ्या आपल्या आयांना यात नवल वाटणार नाही.

टेक्सास किंवा जॉर्जियात राहणाऱ्या मराठी आईबापांसाठी हे परक्याच्या घरचे दुखणे नाही. मुलगा शेजारच्या मित्राकडे खेळायला निघाला की आपण विचारतो, त्यांच्याकडे कुत्रा आहे का, अंडे चालते का, पोहण्याचा तलाव आहे का. ‘तुमच्या घरी बंदूक आहे का, आणि कुलपात असते का’ हे विचारायला जीभ रेटत नाही. समोरच्याला काय वाटेल हा आपला जुना आजार. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना नेमके हेच विचारा म्हणते; त्यासाठी २००० पासून मोहीम चालू आहे. पण कोणत्या शब्दांत विचारले तर शेजारी दुखावत नाही आणि उत्तरही खरे देतो? हाही मानसशास्त्राचाच प्रश्न, आणि त्यालाही पैसे लागतात.

२०२३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातल्या सोफी शर्विक आणि ब्रॅड बुशमन यांनी ड्रॉवरच्या प्रयोगाचा नवा अवतार केला. ८ ते १२ वयाची २२६ मुलेमुली, जोडीजोडीने. निम्म्यांनी एका मिनिटाची बंदूक-सुरक्षेची चित्रफीत पाहिली, निम्म्यांनी गाडीतल्या सुरक्षेची. आठवड्याने त्यांना खेळायला बोलावले; ड्रॉवरमध्ये निकामी केलेली दोन पिस्तुले. बहुतेक सगळ्यांना ती सापडली. गाडीची फीत पाहिलेल्यांपैकी ६७.३ टक्के मुलांनी पिस्तुलाला हात लावला, बंदुकीची फीत पाहिलेल्यांपैकी ३९.३ टक्के मुलांनी. चाप ओढणारे २९.८ वरून ८.९ टक्क्यांवर आले. मोठ्यांना जाऊन सांगणारे १०.६ वरून ३३.९ टक्क्यांवर गेले.

एका मिनिटाच्या फितीने एवढे होत असेल तर ती रोज दाखवा, असे कोणीही म्हणेल. मला उरलेले ३९.३ टक्के दिसतात. आणि हे एका आठवड्यानंतरचे आहे. सहा महिन्यांनी काय, घरच्या कपाटासमोर काय, मोठा चुलतभाऊ सोबत असेल तर काय? यांतल्या एकेका प्रश्नाला स्वतंत्र अभ्यास लागेल, आणि वर्षाला २.५ कोटींचा तो आकडा २०१९ नंतर वाढलेला नाही. महागाईने तो आतून झिजतो आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्यात मोठी नोकरकपात झाली, तेव्हा सीडीसीच्या इजा-प्रतिबंध केंद्रातल्याही अनेकांना घरी पाठवले गेले.

राहिले जे डिकी. रोझेनबर्ग आणि ते १९९६ मध्ये एकमेकांचे वैरी होते. पुढे बोलणे सुरू झाले, मग दोस्ती जुळली. जुलै २०१२ मध्ये कोलोरॅडोतल्या अरोरा शहरात चित्रपटगृहात गोळीबार झाला, त्यानंतर दोघांनी मिळून ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लेख लिहिला. सरकार रस्ते-सुरक्षेच्या संशोधनावर वर्षाला २४ कोटी डॉलर घालते आणि बंदुकीच्या इजांवर जवळपास काही नाही, हे बदला, असे त्यांचे म्हणणे होते. २०१५ मध्ये डिकी म्हणाले, संशोधन तेव्हाच नीट सुरू करून चालू ठेवायला हवे होते, मला पश्चात्ताप होतो. एप्रिल २०१७ मध्ये ते गेले. पैसा परत आलेला त्यांना दिसला नाही.

पैसा परत आला तेव्हा त्यांची ओळ काढलेली नव्हती. दर वर्षीच्या विनियोजन कायद्यात ती पुन्हा छापली गेली.